शंभरातले चौदा दाणे

१

कोंबडी निर्दोष होती आणि पिवळा घेवडा जिंकला.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. ते चुकून रांग मोडून पुढं आलं होतं, त्याला परत मागं पाठवलं आहे. बुधवारी सकाळी साडेआठ वाजता लुफुंबे गावात असलं काही घडलेलं नव्हतं. तेव्हा कोंबडी गटाच्या कोठारासमोर झेंड्याच्या खांबाला बांधलेली होती, तिच्यावर मतं खाल्ल्याचा आरोप होता, आणि सुरीला धार लावून झाली होती.

सेकेलानं मोटरसायकल उभी केली न केली तोच चेअरमन अंबाकिस्ये लगबगीनं पुढं आला.

"आलात डॉक्टरीणबाई! बरं झालं. तुमच्यासमोरच कापायची म्हणून थांबलोय."

"काय केलं हिनं?"

"मतं खाल्ली. बाजाराच्या ताटलीतली. पंधरा!"

सेकेला सत्तावीस वर्षांची होती आणि त्यातली चार वर्षं सरकारी नोकरीत गेली होती, त्यामुळं या उत्तराचं तिला फारसं नवल वाटलं नाही. गुरांना लस टोचणं हे तिचं काम. घेवड्याशी तिचा संबंध जेवणाच्या ताटापुरता. पण कृषी अधिकारी डोंगरापलीकडं चुलतसासऱ्याच्या मयतीला गेला होता, आणि या भागात मयत म्हणजे तीन दिवस. जाताना त्यानं निकालाचा छापील तक्ता तिच्या हातात दिला होता. "काही नाही गं, नुसते दाणे मोजायचेत," असं म्हणाला होता.

प्रश्न तसा साधा होता. लुफुंबेच्या वीस बायकांच्या गटाकडं एक सामाईक शेत होतं. पुढच्या हंगामापासून त्यात तांबडा घेवडा लावायचा की पिवळा? तांबडा दार-एस-सलामला हातोहात खपतो, पण शिजायला अडीच तास घेतो. पिवळा तासाभरात लोणी होतो, पण शहरात त्याला कुणी ओळखत नाही. चव, उतारा आणि पाऊस सोसण्याची ताकद या बाबतींत दोघे जुळे भाऊ.

जिल्ह्यानं पद्धत घालून दिली होती. थेट घेवडा निवडायचा नाही. आधी आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते ठरवायचं. म्हणून काल संध्याकाळी कोठारात चटईवर पाच पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीसमोर कोळशानं एक चित्र: काटकी म्हणजे सरपण, जीभ म्हणजे चव, लॉरी म्हणजे बाजार, पोतं म्हणजे उतारा, ढग म्हणजे पाऊस. प्रत्येक बाईनं घरून मक्याचे पाच दाणे आणायचे, एकटीनं आत जायचं आणि वाटतील तसे वाटून टाकायचे. वीस बायका, शंभर दाणे. सरपणाची ताटली जड झाली तर पिवळा, बाजाराची झाली तर तांबडा.

मोजणी आज होती. जिल्ह्याची गाडी दुपारी तीनला तक्ता न्यायला येणार होती. तक्ता तयार नसेल तर निर्णय जिल्हा घेणार होता, आणि जिल्हा स्वयंपाक करत नाही.

सेकेला कोठारात गेली. तिनं चेअरमनसमोर दोनदा मोजलं. सरपण एकतीस, चव वीस, बाजार अठरा, उतारा दहा, पाऊस सात.

शहाऐंशी.

"चौदा कमी आहेत," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. चौदा." चेअरमननं दाराकडं बोट केलं. "आणि कोंबडी सापडली कुठं? लॉरीच्या ताटलीशेजारी! बाजाराचेच दाणे गेलेत. अठरा आणि चौदा बत्तीस. लिहा."

बत्तीस म्हणजे एकतीसपेक्षा एक जास्त. एका दाण्यानं तांबडा जिंकत होता.

"पुन्हा मतं घेता येतील," सेकेला म्हणाली.

"कुणाची? अकरा बाया पहाटेच मयतीला गेल्या. शुक्रवारी उगवतील. गाडी तीनला आहे."

"आणि कोंबडीनं खाल्ले नसतील तर?"

चेअरमननं दाराशी उभ्या असलेल्या बाईकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज नव्हती.

"मग बुपेनं. रात्रभर किल्ली तिच्याकडं होती. नियम नऊ: गटाची वस्तू जिच्या ताब्यातून गहाळ होईल तिचा शेतातला हिस्सा गेला. कोंबडी, नाहीतर बुपे. तुम्हीच सांगा, सुरी कुणावर चालवू?"

२

बुपेला सगळं गाव ओळखत होतं, कारण ती दोनदा या गावची झाली होती. एकदा जन्मानं, आणि दुसऱ्यांदा नवरा गेल्यावर दिरांनी जमीन ठेवून घेऊन तिला परत पाठवलं तेव्हा. गटाच्या शेतातल्या सहा ओळी एवढंच तिचं रान. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि एकटक कोंबडीकडं बघत होती.

सेकेलानं कोंबडी सोडवली, बगलेत धरली आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी दोन बोटांनी चाचपली. जमलेल्या नऊ बायका पाहत होत्या.

"गवत," सेकेला म्हणाली. "एक मऊ काहीतरी. अळी असावी. मक्याचा एकही दाणा नाही. असता तर मण्यासारखा बोटाला लागला असता."

"पचवले असतील," चेअरमन म्हणाला.

"दोन तासांत? चेअरमनसाहेब, हिची पचनशक्ती अशी असती तर मी हिला सरकारी नोकरीला लावली असती."

बायका हसल्या. कोंबडी सुटली आणि निर्दोष सुटलेल्या कुणालाही शोभणार नाही अशा आवाजात ओरडत केळीच्या बागेत पळाली. हसणं तिच्यामागोमाग संपलं, कारण आता फक्त बुपे उरली होती, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

कीसा आजी, म्हणजे कोंबडीची मालकीण आणि बुपेची आत्या, जमिनीवर काठी आपटून म्हणाली, "अंबाकिस्ये, वीस बायकांच्या गटाचा तू चेअरमन कसा रे झालास?"

"लॉरी माझी आहे, आजी."

"हां. विसरलेच होते."

सेकेलानं सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि कोठारात एकटी गेली. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. रुंग्वे डोंगराच्या या बाजूला रात्री गारठा असतो, पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब थेंब गळतो. ताटल्या अजून दमट होत्या. तिनं एकेक ताटली रिकामी करून उजेडात धरली.

सरपणाची स्वच्छ. उताऱ्याची आणि पावसाची स्वच्छ. चवीच्या ताटलीत, खाली दडलेला, एक दाणा गुलाबी निघाला.

हा रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पेरणीच्या बियाण्याला विषारी औषध लावतात, आणि कुणी ते चुकून दळू नये म्हणून त्यात गुलाबी रंग घालतात. दरवर्षी एखादी तरी बकरी तो रंग बघूनसुद्धा खाते आणि सेकेलाला धावावं लागतं. ओल लागली की हा रंग सुटतो. दाण्याच्या खाली इनॅमलवर एक फिकट गुलाबी ठिपका उमटला होता.

तिनं बाजाराची ताटली उचलली. त्यात अठरा दाणे होते, सगळे पांढरे. तिनं ते चटईवर ओतले आणि ताटली तिरपी केली.

ताटलीच्या तळाला गुलाबी ठिपके होते. तिनं मोजले. काही एकमेकांत मिसळले होते, पण दहाच्या वर नक्कीच.

म्हणजे चेअरमन खरं बोलत होता. दाणे बाजाराच्याच ताटलीतून गेले होते. आणि हे तक्त्यात लिहिलं की तांबडा जिंकणार, दाणे कोंबडीनं नाही तर माणसानं नेले हे सिद्ध होणार, आणि बुपेच्या सहा ओळी जाणार.

पुरावा पहिल्यांदाच इतका सरळ सापडला होता, आणि पहिल्यांदाच तो तिला नको होता.

३

रात्रीपासून सकाळपर्यंत कोठारात एकटी शिरलेली माणसं तीन. बुपेकडं रात्रभर किल्ली होती. सहाला चेअरमन तिच्याकडून किल्ली घेऊन मयतीच्या मांडवासाठी ताडपत्री काढायला गेला होता. सातला कीसा आजी कोंबडी शोधायला गेली होती.

सेकेलानं तिघांनाही केळीखाली बसवलं आणि लस टोचायला आल्यासारखं एकेकाला म्हणाली, "हात दाखवा."

"आमचे कशाला? आम्हाला कुठं खुरकूत झालीय?" कीसा आजी म्हणाली, पण तिनं हात पुढं केले. सुरकुतलेले, मातकट, रंगाचा मागमूस नाही.

चेअरमनच्या नखांच्या कडा गुलाबी होत्या.

"बियाणं मीच आणतो लॉरीतून," तो लगेच म्हणाला. "सगळ्या गावाला देतो. माझी बोटं तर गेल्या पावसापासून अशीच आहेत."

"सगळ्या गावाला?"

"म्हणजे, ज्यांना लागेल त्यांना."

"यंदा कुणाकुणाला लागलं?"

"आठवत नाही." तो उठला. "डॉक्टरीणबाई, तुम्हाला दाणे मोजायला पाठवलंय, बोटं मोजायला नाही. लॉरी उद्या दार-एस-सलामला निघायचीय. तांबड्याचं बोलणं व्यापाऱ्याशी झालंय. तुम्ही एक ओळ लिहायचीत, बस्स."

बुपेनं हात पुढं केले. नखांच्या कडा गुलाबी.

"तुलाही बियाणं लागलं होतं?"

"उंदरांनी घरातलं खाल्लं होतं," बुपे म्हणाली. "लागलं होतं."

 सेकेलानं दोनदा खोदून विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारणार तोच कीसा आजीनं काठी टेकत उठून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं,

"त्या पोरीला सोड. दाणे मी घेतले."

४

"कोंबडी बघायला आत गेले," कीसा आजी सांगू लागली, "तर ताटल्यांमध्ये विषाचं बी! माझी कोंबडी आत, आणि विषाचं बी बाहेर! मी सगळं वेचलं आणि संडासात टाकून आले. यात गुन्हा काय? तूच मागच्या वर्षी येऊन भाषण दिलंस ना, औषधाचं बी उघडं ठेवू नका म्हणून? दीड तास दिलंस."

बायकांमध्ये कुजबुज झाली. हे पटण्यासारखं होतं. चेअरमनसुद्धा मान हलवू लागला. त्याला चोर कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं, फक्त दाणे बाजारातले होते एवढं लिहून हवं होतं.

"आजी, सगळे वेचलेस?" सेकेलानं विचारलं.

"एकूण एक."

"कुठल्या कुठल्या ताटलीतून?"

आजीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "सगळ्याच ताटल्यांत होते थोडे थोडे."

सेकेलानं खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत एक गुलाबी दाणा होता. "हा चवीच्या ताटलीत राहिला होता. आणि सरपण, उतारा, पाऊस या ताटल्यांवर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. तुझ्या बोटांवरही रंग नाही. आजी, तू कोंबडीसाठी वेचलं असतंस तर एकही ठेवला नसतास. तू तिच्यासाठी रस्त्यावरचे खिळे आणि काचा वेचतेस."

"डोळे गेलेत माझे."

"दोन महिन्यांपूर्वी तू माझ्या इंजेक्शनच्या सुईला गंज आहे म्हणालीस. शंभर पावलांवरून."

"होताच गंज."

"होता," सेकेलानं कबूल केलं.

आजी खाली बसली. तिनं बुपेकडं पाहिलं नाही, आणि त्यावरूनच सगळं कळलं. साडेअकरा वाजले होते.

५

पद्धतीवर सेकेलाचा विश्वास होता, निदान कागदोपत्री. ती कोठारामागं गेली, मातीत चौकट आखली आणि खडे मांडून संशयितांना गुण दिले: कारण, संधी, खोटेपणा, धीटपणा. चेअरमनला बारा मिळाले. बुपेला बारा. कीसा आजीला अकरा. कृषी अधिकारी गावात नसूनही त्याला दहा मिळाले, कारण खोटेपणात तो पैकीच्या पैकी होता. मग न्यायाला धरून तिनं स्वतःलाही गुण दिले. तिला तेरा मिळाले.

तिनं पायानं चौकट पुसली आणि दुपार उलटेपर्यंत नुसतं बसून विचार केला.

बाजाराच्या ताटलीत गुलाबी दाणे होते. ते तेवढेच उचलले गेले, पांढऱ्यांना हात लागला नाही. बाजाराचं वजन कमी करायचं असतं तर कुठलेही दाणे चालले असते. म्हणजे उचलणाऱ्याला बाजार नको होता असं नाही. उचलणाऱ्याला ते गुलाबी दाणे नको होते.

मग चवीतला गुलाबी दाणा का ठेवला? दिसला नाही असं म्हणावं, तर तो खाली दडलेला होता, खरंच दिसला नसेल. किंवा दिसायची गरजच नव्हती, कारण तो तिथं आहे हे आधीच माहीत होतं.

आणि सकाळचं ते वाक्य. ती मोटरसायकलवरून उतरत असतानाच चेअरमन म्हणाला होता, पंधरा. तेव्हा कुणी मोजलेलं नव्हतं. अंदाज करणारा माणूस म्हणतो दहा-वीस. चुकणारा म्हणतो बरेच. पंधरा कोण म्हणतो? जो ताडपत्री काढायला आत आला, ताटलीत बघितलं, एकही गुलाबी दाणा दिसला नाही, आणि ज्याला तिथं पंधरा असायला हवेत हे ठाऊक होतं, तो.

तीन बायका, प्रत्येकी पाच.

सेकेला उठली आणि बुपेपाशी आली. बुपे कोठाराच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती.

"बियाणं तुला फुकट मिळालं, हो ना?"

बुपेनं पदर घट्ट धरला.

"तुला आणि आणखी दोघींना. बदल्यात पाचही दाणे लॉरीच्या ताटलीत. आणि गुलाबीच टाकायचे, म्हणजे सकाळी त्याला बघून कळेल की कबूल केल्याप्रमाणं टाकले."

"त्या दोघी मयतीला गेल्यात," बुपे म्हणाली. "त्यांची नावं घेऊ नका. त्यांच्या घरातही बी नव्हतं. आम्ही तिघी एकाच वेळी त्याच्या अंगणात उभ्या होतो. एकमेकींकडं बघत नव्हतो."

"त्यांनी दहा टाकले. तू चार टाकलेस."

बुपेनं मान वर केली. तिला आतापर्यंत वाटत होतं की हे कुणाला कळणं शक्य नाही.

"पाचवा टाकायला हातच उठेना," ती म्हणाली. "सरपणात टाकला असता तर त्याला कळलं असतं, मी उलटले. म्हणून चवीत टाकला. कुणी विचारलं तर म्हणायचं, अंधारात चुकला. घरी गेले. झोप नाही. राखीव जंगल बंद झाल्यापासून सरपणाला मी चार तास चालते, ताई. अडीच तास शिजणारा घेवडा मी माझ्या हातानं आणणार होते घरात, स्वतःच्या पाठीवर. आणि किल्ली उशाशी. पहाटे उठले आणि विकलेले तेवढे परत घेतले. त्या दोघींचे पण. माझा तो एक राहू दिला. तो मी विकला नव्हता."

"दाणे कुठं आहेत?"

बुपेनं अंगाला गुंडाळलेल्या कांग्याच्या, त्या छापील कापडाच्या, पदराची गाठ सोडली. चौदा गुलाबी दाणे.

"टाकून नाही दिलेस?"

"बियाणं आहे, ताई," बुपे म्हणाली. जणू सेकेलानं फार मूर्ख प्रश्न विचारला होता. "टाकून कसं देणार?"

कोठाराच्या कोपऱ्यावर पावलं वाजली. चेअरमन उभा होता, आणि त्यानं पदरातले दाणे पाहिले होते.

६

"सापडले!" चेअरमन ओरडला. "बायांनो, या इकडं! चौदाच्या चौदा! टाका ते परत बाजाराच्या ताटलीत, लिहा बत्तीस, आणि हिचं नाव काढा यादीतून."

बायका धावत आल्या. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

 सेकेलाच्या डोक्यात पाच ताटल्या मांडलेल्या होत्या. एकीत खरं काय घडलं ते. दुसरीत नियम. तिसरीत सहा ओळी जमीन. चौथीत वीस बायकांच्या पाठी. पाचवीत तिची स्वतःची नोकरी, कारण चेअरमनचा मेहुणा पंचायतीत होता आणि तो कधीच मयतीला गेलेला नसायचा. सगळं खरं लिहिलं तर बुपे चोरही ठरत होती आणि विकली गेलेलीही. चेअरमननं बियाणं वाटलं याला साक्षीदार तिघीच, त्यातल्या दोघी डोंगरापलीकडं आणि तिसरीचा पदर उघडा. अर्धं खरं लिहिलं तर चेअरमन जिंकत होता. काहीच लिहिलं नाही तर जिल्हा.

कुठलीही ताटली रिकामी ठेवता येत नव्हती, आणि सगळ्यांना पुरतील एवढे दाणे तिच्याकडं नव्हते.

दूर चढावर गाडीचा आवाज आला. गाडी आज वेळेआधी आली होती. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"द्या ते इकडं," सेकेला बुपेला म्हणाली. तिनं चौदा दाणे पुडीत घेतले, त्यात पंधरावा होताच, आणि पुडीवर शिक्का मारला. "जप्त."

"काय?" चेअरमन म्हणाला.

"जनावरं वावरतात तिथं औषध लावलेलं बियाणं उघड्यावर सापडलं तर पशुधन अधिकाऱ्यानं ते जप्त करावं, असा नियम आहे." नियम खरोखर होता. चार वर्षांत तिनं तो एकदाही वापरला नव्हता. वापरला असता तर अर्धा तालुका जप्त करावा लागला असता. "कोठारात कोंबडी होती. तुम्हीच सकाळी नऊ माणसांसमोर सिद्ध केलंत. हे धान्य नाही, विष आहे. विषाला मत नाही. तक्त्यात पंच्याऐंशी दाणे जातील."

"मग बाजार अठराच राहतो!"

"आणि सरपण एकतीस."

"मी अर्ज करीन! वरपर्यंत जाईन!"

"जरूर करा," सेकेला म्हणाली. तिनं कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढं धरलं. "फक्त त्यात एवढं लिहा, की आज सकाळी कुणी मोजायच्या आधी तुम्ही पंधरा हा आकडा कुठून आणलात. कमी चौदाच होते. पंधरावा मला नंतर, चवीच्या ताटलीत, सगळ्यांच्या खाली सापडला. तो गुलाबी दाणा पण मोजल्याशिवाय पंधरा होत नाहीत. तुम्ही गुलाबी दाणेच मोजत होता, चेअरमनसाहेब. का, ते लिहा."

चेअरमननं कागदाकडं पाहिलं. मग बायकांकडं. नऊ बायकांतली कुणीही खाली बघत नव्हती. कीसा आजी म्हणाली, "लिही की रे. अक्षर चांगलं आहे तुझं."

गाडी अंगणात येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"सही कुठं करायची?" चेअरमन म्हणाला.

"इथं. आणि इथं. दुसरी सही याची, की पहारेकरणीनं रात्रभर पहारा नीट केला आणि गटाची कुठलीही वस्तू गहाळ नाही, कारण सगळी माझ्याकडं जप्त आहे."

त्यानं दोन्ही सह्या केल्या. दुसरी करताना पेनाची निब कागदातून आरपार गेली. ड्रायव्हरनं तक्ता घेतला, न वाचता पिशवीत टाकला आणि गाडी गेली. बायका एकदम बोलू लागल्या. कुणीतरी पिवळ्या घेवड्याचं पातेलं चुलीवर ठेवलं. चेअरमन लॉरीच्या चाकाला लाथ मारून निघून गेला.

बुपे मात्र तिथंच उभी होती. सहा ओळी वाचल्या होत्या, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर त्याचं समाधान नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "चौदा विकलेले होते, ते गेले. चांगलं झालं. पण पंधरावा?"

"तोही गुलाबी होता."

"पण तो माझा होता. आख्ख्या गटात सगळ्यांची मतं मोजली गेली. माझं एकटीचंच कुठं गेलं?"

"त्या दोघींचंही नाही मोजलं."

"त्या दोघींनी टाकलंच नव्हतं," बुपे म्हणाली.

सेकेलानं पुडी खिशात ठेवली.  मग बुपे चुलीकडं गेली.

संध्याकाळी सेकेलानं कार्यालयात बसून जिल्ह्याला अहवाल लिहिला. एका कोंबडीची तपासणी, प्रकृती उत्तम. पंधरा दाणे जप्त. निवड पिवळ्याची. मग तिनं खालच्या कोऱ्या जागेत आणखी एक परिच्छेद जोडला:

"सबब कार्यालयास नम्र विनंती, की यापुढे निकष ठरवण्याच्या कामी प्रत्येक बाईस पाचऐवजी सहा दाणे मंजूर व्हावेत. पैकी पाच दाणे कार्यालयाच्या ताटल्यांत टाकावेत. सहावा दाणा कुठल्याही ताटलीत टाकण्याचे बंधन तिच्यावर असू नये. तो तिने पेरावा, भाजून खावा, किंवा मुठीत धरून घरी न्यावा, आणि त्याचे काय केले याची विचारणा कोणत्याही अधिकाऱ्याने, चेअरमनने अथवा दिराने करू नये. सहाव्या दाण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे. उत्तर पेरणीपूर्वी अपेक्षित आहे."